पन्नास मिनिटांत काय बोलायचं

समुपदेशनाचं एक सेशन साधारण पन्नास मिनिटांचं असतं. कोणाकडे जायचं ते डॉक्टर सांगतात, फी किती ते फोनवर कळतं. पण आत जाऊन बसल्यावर त्या पन्नास मिनिटांत आपण काय करायचं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. गोळी घेतली की पुढचं काम ती करते. बोलून होणाऱ्या उपचारात मात्र बराच भाग आपल्याकडे असतो, आणि तो कसा पार पाडायचा हे मला सेशनं घेता घेता उमगत गेलं. ते लिहून काढावंसं वाटलं, कारण माझ्या ओळखीतले काही जण दोनतीनदा जाऊन "नुसतं बोलून काय होतंय" म्हणत थांबले. त्यांतल्या एका मैत्रिणीला मदतीची माझ्याहून जास्त गरज होती, आणि ते मला अजून सलतं.

मी नाशिकला राहते, एका पतसंस्थेत हिशेब बघते. वडील गेल्यापासून आई पंचवटीतल्या जुन्या घरात एकटी असते. आमच्याकडे राहायला यायची तिची तयारी नाही, आणि तिचा शेजार, तिची रोजची देवळं सोडायला लावणं मलाही पटत नाही. भाऊ बंगळुरूला. आईचे दिवसभर फोन यायचे. हळूहळू असं झालं की फोनवर तिचं नाव दिसलं की छातीत धडधडायला लागायचं, हात गार पडायचे. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलं. सगळं ठीक निघालं. "आता एकदा सायकिॲट्रिस्टना दाखवून या," ते म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले की माझा निम्मा संकोच तिथेच गेला.

सायकिॲट्रिस्टनी एक गोळी सुरू केली. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. सोबत समुपदेशनही घ्या म्हणाले. औषधांबद्दल इथे एवढंच, कारण तो विषय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा. पण मला झोप लागायला लागली ती गोळीने, आणि झोप मिळाल्यामुळेच मी सेशनमध्ये डोकं ताळ्यावर ठेवून बोलू शकले. औषध किंवा बोलणं, दोन्हींतलं एकच काहीतरी निवडायचं असतं अशा समजुतीने बरेच जण अडून बसतात. तशी सक्ती कुठेच नाही.

समुपदेशक निवडताना शिक्षण विचारायला लाजू नये. 'काउन्सेलर' ही पाटी फार वेगवेगळ्या तयारीच्या माणसांच्या दारावर असते. कोणी मानसशास्त्रात एम.ए. केलेलं असतं, कोणी समाजकार्यात, कोणी केवळ काही महिन्यांचा कोर्स. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तीही विचारता येते. मी आधी एका ठिकाणी गेले होते. तिथे पहिल्याच भेटीत, माझं निम्मंही सांगून झालेलं नसताना, "आईला वृद्धाश्रमात ठेवा आणि मोकळ्या व्हा" असा सल्ला मिळाला. मी तिथे पुन्हा गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी ज्या भेटल्या त्यांना मी मॅडम म्हणते. पुढचं सगळं त्यांच्याबरोबरचं आहे.

पहिल्या भेटीत मॅडमनी एक संमतीपत्र वाचून दाखवलं. इथे बोललेलं इथेच राहील; मात्र माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, किंवा न्यायालयाने मागितलं, तर ते उघड करावं लागेल. आपल्याकडच्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हे मला तेव्हा कळलं. नाशिक मोठं शहर झालं तरी ओळखी निघतातच. मॅडमच्या इमारतीत आमच्या पतसंस्थेचे दोन सभासद राहतात. त्यामुळे तो कागद मी अक्षर न् अक्षर वाचला, शंका विचारल्या आणि मगच सही केली. ते केल्यामुळे पुढे भावाबद्दल, नवऱ्याबद्दल बोलताना जीभ अडखळली नाही.

मग त्यांनी नैराश्य किती आहे ते बघणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली दिली, मराठीतली. नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जास्तीत जास्त २७. नववा प्रश्न, आपण नसतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा आहे. तिथे माझं पेन थांबलं. "जे असेल ते लिहा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंत तर मला विचारता येईल." मी लिहिलं, त्यांनी शांतपणे विचारलं, कधी, किती वेळा, काही करायचं ठरवलं होतं का. कोणीतरी हे इतकं सरळ विचारू शकतं याचाच मला आधार वाटला. ही प्रश्नावली मी पुढे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा भरली. आपल्याला आपली सुधारणा नीट दिसत नाही. आजचा दिवस वाईट गेला की गेला महिनाही वाईटच गेला असं वाटतं. तेव्हा जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून बघितला की कशात फरक पडलाय आणि कशात नाही, हे दिसतं. माझी झोप आधी सुधारली. स्वतःला दोष देण्याचा प्रश्न मात्र बराच काळ तिथेच अडकून होता, आणि त्यावरूनच पुढची सेशनं कशावर घ्यायची हे ठरलं.

"इथून तुम्हाला काय हवंय?" असंही त्यांनी विचारलं. "बरं वाटायला हवंय," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, "बरं वाटतंय हे घरातल्यांना कशावरून कळेल? तुम्ही काय करत असाल, जे आज करत नाही?" मला विचार करायला वेळ लागला. मग सांगितलं की आईचा फोन धडधड न होता उचलता यावा, महिन्यातला एखादा रविवार पूर्ण माझा असावा, आणि भावाशी बोलताना आवाज चढू नये. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये मांडलेली एक गोष्ट मॅडमनी तेव्हा सांगितली: उपचार करणारा आणि घेणारा यांचं कुठे पोचायचं यावर एकमत हवं, त्यासाठी काय करायचं यावर एकमत हवं आणि दोघांमध्ये विश्वासाचं नातं हवं. या तिघांतलं एक जरी लंगडं असेल तरी काम अडतं. मला हे फार उपयोगी पडलं, कारण पुढे जेव्हा जेव्हा सेशन अडल्यासारखं वाटलं तेव्हा तिघांतलं नेमकं काय हललंय हे मी शोधू शकले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सुरुवातीला मी आठवडाभराचा वृत्तांत सांगायचे. सोमवारी आईला दवाखान्यात नेलं, बुधवारी भावाशी वाजलं, ऑफिसात ऑडिट चालू, मुलाची परीक्षा. माणसं कोण, त्यांचे स्वभाव कसे, मागे काय घडलं होतं, हे सगळं समजावून सांगण्यात घड्याळ पुढे सरकायचं. बोलून हलकं वाटायचं हे खरं, पण ते हलकेपण दुसऱ्या दिवशी आईचा पहिला फोन येईपर्यंतच टिकायचं. मॅडम काही आठवडे ऐकत राहिल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "आज आठवडा नको. या आठवड्यातला एकच प्रसंग घ्या. त्यातलंही एकच मिनिट."

मी गुरुवार संध्याकाळ निवडली. किराण्याच्या पिशव्या हातात, जिना चढतेय, फोन वाजला, आई.

"नाव दिसलं. अजून उचललेला नाही. त्या क्षणी मनात काय आलं?"

"परत काहीतरी झालं."

"म्हणजे काय झालं असं वाटलं?"

"पडली असेल. बाथरूममध्ये."

"आणि शरीरात काय झालं?"

"पोटात खड्डा. पिशव्या खाली ठेवल्या मी."

"मग?"

"मग राग आला. आता परत मलाच जावं लागणार म्हणून. आणि राग आला याची लगेच शरम वाटली."

प्रत्यक्षात आईला एवढंच विचारायचं होतं की सिलिंडरचा नंबर लावलास का. पण त्या एका मिनिटात भीती, राग आणि शरम अशी तिघांची रांग लागून गेली होती आणि आठवड्याच्या वृत्तांतात ती मला कधी दिसलीच नसती. "आईच्या फोनचा त्रास होतो" हे वाक्य मी कितीही वेळा म्हटलं असतं तरी त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. पोटात खड्डा पडण्याच्या आधी 'पडली असेल' हा विचार येतो, हे कळल्यावर हात घालायला जागा मिळाली.

मॅडम जी पद्धत वापरतात ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजलेली आहे. साठच्या दशकात ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानेही विचार तपासण्यावर भर देणारी पद्धत विकसित केली आणि मॅडम दोन्हींतलं घेतात. एलिस यांचं म्हणणं असं की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपली एक धारणा असते. भावना ओढून ताणून बदलता येत नाही, घटना बऱ्याचदा आपल्या हातात नसते, पण मधली धारणा तपासता येते. आणि ती तपासायची तर आधी नेमका प्रसंग हवा. म्हणून तेव्हापासून मी सेशनला जाताना एकच प्रसंग घेऊन जाते. कुठे होते, हातात काय होतं, कोण काय म्हणालं, मनात काय आलं, शरीरात काय झालं. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. उरलेली पंचेचाळीस कामाला मिळतात.

प्रसंग मोठा असण्याची गरज नाही, हे मुद्दाम लिहिते. कितीतरी वेळा मी जिना चढताना ठरवलेलं असायचं की आज सांगण्यासारखं काही नाही, सेशन पुढे ढकलावं. तसं न करता गेले, आणि असल्या रिकाम्या वाटणाऱ्या दिवशीच खोलवरचं काही निघालं. डोक्यावर संकट असतं तेव्हा सगळा वेळ त्या संकटावर जातो. संकट नसलेल्या दिवशी आपल्या सवयींकडे बघायला सवड असते.

दुसरी गोष्ट वेळेची. जे बोलायला सगळ्यात अवघड, ते माणूस सेशन संपता संपता बोलतो. हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की या व्यवसायातल्या लोकांना ते चांगलं ठाऊक आहे: उठून दाराशी गेलेला माणूस वळतो आणि खरं दुखणं सांगतो. मीही तसंच केलं होतं. पर्स खांद्याला लावली आणि म्हटलं, "मॅडम, कधीकधी वाटतं, आई गेली तर मी सुटेन." मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगितलंत, बरं केलंत. याला वेळ द्यायला हवा. पुढच्या वेळी इथूनच सुरू करू." जाण्यापूर्वी त्यांनी एवढं मात्र विचारून घेतलं की आज घरी जायला मी ठीक आहे ना, आणि पीएचक्यूतल्या नवव्या प्रश्नासारखे विचार येतायत का.

तो आठवडा जड गेला. पुढच्या सेशनला ते टाळावं असं फार वाटत होतं. म्हणून मी आदल्या रात्री चिठ्ठीवर तेच वाक्य लिहिलं आणि आत गेल्या गेल्या त्यांच्या हातात दिलं. तोंडाने म्हणवत नसेल तर लिहून द्यावं, त्यांना वाचू द्यावं. पहिल्या पाच मिनिटांत ते टेबलावर आलं पाहिजे.

त्या सेशनमधलं जेवढं आठवतं तेवढं सांगते, कारण तपासणं म्हणजे काय ते त्यातून कळेल. मॅडमनी आधी विचारलं, हा विचार आला की मी स्वतःला काय म्हणते. "चांगल्या मुलीच्या मनात असलं येताच कामा नये," मी म्हटलं. मग त्यांनी तीन बाजूंनी प्रश्न विचारले. एक, याला पुरावा काय, म्हाताऱ्या आईवडिलांचं करणाऱ्या माणसांच्या मनात असा विचार येत नाही हे खरं आहे का. त्यांनी सांगितलं की शुश्रूषा करणाऱ्या कितीतरी जणांकडून त्यांनी हे ऐकलंय. दोन, विचार आला म्हणून मी वाईट मुलगी, हे तर्काला धरून आहे का. मग रोज संध्याकाळी आईचं औषध डबीत भरून येते ती कोण. तीन, स्वतःला असं झोडपल्याने आईचं काही भलं होतंय का, का उलट मीच तिच्यावर जास्त खेकसते. तिसऱ्या प्रश्नाला मला लगेच उत्तर सापडलं. ज्या दिवशी अपराधी वाटायचं त्याच दिवशी मी आईशी तुटक वागायचे.

शेवटी आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य तयार केलं: असा विचार मनात येऊ नये असं मला वाटतं, पण मी थकलेली असले की तो येतो, आणि तो येऊनही मी आईचं करते आहे. त्याने वाईट वाटायचं थांबलं नाही. ते थांबावं असं या पद्धतीत कोणी म्हणतही नाही. जळती शरम जाऊन तिथे दुःख आलं, आई म्हातारी होतेय याचं साधं दुःख, आणि त्या दुःखासकट मला तिच्याशेजारी बसता येऊ लागलं.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की मॅडमचं आणि माझं पहिल्यापासून जुळलं होतं. तसं नव्हतं, आणि जिथे बिनसलं तिथेच मला सगळ्यात जास्त मिळालं. भावाबद्दल मी बरंच बोलले होते. तो लक्ष देत नाही, रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला हसवतो आणि मोकळा होतो. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही त्याच्याकडे नेमकं काय मागितलं आहे?" प्रश्न साधा होता. पण मला ऐकू आलं ते असं, की चूक तुमचीच आहे. मी "हो, तेही खरं" म्हणून विषय बदलला, वेळ संपल्यावर हसून बाहेर पडले आणि रिक्षात बसल्यावर ठरवलं की आता इथे यायचं नाही.

आपल्याकडे डॉक्टरांपुढे, शिक्षकांपुढे नाराजी बोलून दाखवायची पद्धत नाही. "बरंय" म्हणायचं आणि परत जायचं नाही, ही आपली रीत. मोबाईलवर "तब्येत बरी नाही, नंतर कळवते" असा मेसेज टाईप करणं सोपं होतं. पण मी गेले आणि सुरुवातच त्याने केली: "मागच्या वेळी तुम्ही जे विचारलंत त्याने मला लागलं. तुम्ही भावाची बाजू घेतलीत असं वाटलं." हे बोलताना माझा आवाज कापत होता. मॅडमनी सफाई दिली नाही. "तुम्ही विषय बदललात तेव्हा मी थांबून विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे काय झालं बघा. तुम्हाला लागलं, तुम्ही हो म्हणालात, आणि आतून दूर गेलात. असं आणखी कोणाबरोबर होतं का?"

भावाबरोबर तेच होत होतं. त्याने काही म्हटलं की मला लागायचं, मी गप्प व्हायचे, आणि महिन्याभराने भलत्याच गोष्टीवरून भडका उडायचा. त्याला आधीचं काही माहीतच नसायचं. हे मला कोणी उपदेश करून सांगितलं असतं तर पटलं नसतं. ते त्या खोलीत, दोघींच्या डोळ्यांसमोर घडून गेलेलं होतं, त्यामुळे नाकारायला जागा नव्हती. उपचारातल्या नात्यात असे तडे जातात आणि ते बोलून सांधले गेले तर उपचाराला बळच येतं, यावर जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलंय. म्हणून मी कळकळीने सांगते, की समुपदेशकाचं काही खटकलं, गृहपाठ निरर्थक वाटला, ते फार बोलतात किंवा फारच गप्प बसतात असं वाटलं, तर ते त्यांनाच सांगा. ऐकून घेणारा माणूस असेल तर तुमचं पुढचं सेशन वेगळं असेल. आणि सांगितल्यावर ते चिडले, तुम्हालाच दोष देऊ लागले, तर दुसरं दार शोधायला तुम्ही मोकळे आहात.

त्यानंतर मी भावाला फोन केला आणि "जरा लक्ष दे" हे नेहमीचं वाक्य न म्हणता तीन गोष्टी मागितल्या. आईची महिन्याची औषधं ऑनलाइन मागवायची, तिच्या डॉक्टरांशी दर महिन्याला त्यानेच बोलायचं, आणि दिवाळीनंतर काही दिवस येऊन राहायचं. हे फोनवर काय बोलायचं त्याची तालीम आम्ही सेशनमध्ये केली होती, मॅडम भाऊ झाल्या होत्या. पहिल्या दोन गोष्टींना तो लगेच हो म्हणाला. तिसरीला नाही म्हणाला, रजेचं कारण दिलं. मला वाईट वाटलं, पण आवाज चढला नाही.

गृहपाठाबद्दल लिहायलाच हवं, कारण दोन सेशनांच्या मधला आठवडा हा खरा मोठा वेळ असतो. मॅडमनी मला एक वही करायला सांगितली. आईचा फोन वाजला की उचलण्याआधी मनात जे येईल ते एका शब्दात लिहायचं, आणि फोन झाल्यावर प्रत्यक्षात काय निघालं ते शेजारी. पडली असेल: टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता. छातीत दुखत असेल: शेजारच्या काकूंची नात पास झाली. पडली असेल: पेन्शन जमा झाली का. पानंच्या पानं अशी भरली. मधे एकदा खरोखरच चक्कर आली होती तेही त्यात आहे, आणि तेव्हा मी वीस मिनिटांत तिथे पोचून सगळं नीट केलं, हेही. म्हणजे वाईट काही होणारच नाही असं वहीने मला सांगितलं नाही. वाईट क्वचित होतं आणि झालं तर मला निभावता येतं, हे मात्र माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

पुढचा टप्पा होता फोन लगेच न उचलण्याचा. आईशी ठरवलं की तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावायचा. एकदाच वाजला तर मी हातातलं काम संपवून करेन. पहिल्यांदा पंधरा मिनिटं थांबले तेव्हा मला घाम फुटला होता. धडधड आपोआप उतरते, ती उतरेपर्यंत थांबायचं असतं, हे पुस्तकी वाक्य त्या दिवशी अंगाने कळलं. याच संदर्भात मॅडमनी एलिस यांची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना ते स्त्रियांशी बोलायला घाबरायचे, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी त्यांनी स्वतःहून बोलणं सुरू केलं. शंभरेक जणींशी बोलले. भेटायला येते म्हणाली ती एकच, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. आमच्या घरी ही गोष्ट माझ्या मुलाला फार आवडली.

गृहपाठ राहिला तरी सेशन चुकवू नये. का राहिला, वही उघडताना मनात काय आलं, हाच त्या दिवसाचा प्रसंग होऊ शकतो.

सेशन झाल्यावर मी सरळ घरी किंवा कामावर जात नाही. जवळच्या जॉगिंग ट्रॅकवर बाकावर बसते आणि तीन ओळी लिहिते: आज नवं काय कळलं, काय करून बघायचं ठरलं, काय बोलायचं राहिलं. पन्नास मिनिटांतलं जे त्या क्षणी लख्ख वाटतं ते संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत निसटून जातं. तिसरी ओळ पुढच्या सेशनला कामी येते. गावाला गेल्यावर किंवा पावसाळ्यात सेशन ऑनलाइन घेते तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते, काचा लावून, इअरफोन घालून. दोन खोल्यांच्या घरात दार लावलं तरी बाहेरचं माणूस ऐकतंय असं वाटत राहतं आणि आवाज आपोआप खाली येतो.

नवरा सुरुवातीला दर वेळी विचारायचा, काय झालं आज. काळजीनेच विचारायचा. पण त्याला सगळं सांगायचंय हे डोक्यात असलं की आत बोलतानाच मी गाळायला लागायचे. मॅडमशी बोलून मी त्याला सांगितलं की मला सांगावंसं वाटेल ते मी सांगेन, तू विचारू नकोस. एका सेशनला त्याला सोबत घेऊन गेले. माझी धडधड सुरू झाली की "काही नाही होत" म्हणण्यापेक्षा नुसतं शेजारी बसावं, हे त्याला मॅडमनी सांगितलं, मी सांगून पटलं नसतं.

पैशाबद्दलही आपण उघड बोलत नाही. दर आठवड्याची फी मला जड जायला लागली तेव्हा मी मॅडमना तसं सांगितलं. आम्ही पंधरा दिवसांवर आलो आणि मधल्या आठवड्यासाठी गृहपाठ वाढवला. ज्यांना खाजगी फी परवडणारीच नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. शिवाय १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट न बघता तिथे फोन करावा, किंवा सरळ दवाखाना गाठावा.

आता माझी सेशनं महिन्याने, कधी दोन महिन्यांनी असतात. गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केली. अंतर वाढवण्याआधी मॅडमनी माझ्याकडून एक कागद तयार करून घेतला: पुन्हा घसरायला लागले तर ते आधी कशात दिसेल. मी लिहिलं, पहाटेची जाग सलग आठवडाभर, आईचा फोन सायलेंटवर टाकणं, आणि रविवार कोणाला तरी देऊन टाकणं. त्याची एक प्रत नवऱ्याकडे दिली आहे, कारण तिसरं लक्षण माझ्याआधी त्याला दिसतं. यांतली दोन दिसली की मॅडमना फोन करायचा, तिसऱ्याची वाट बघायची नाही, असं ठरलेलं आहे.